डावीकडे ओढणारी गाडी

मंगळवार, ५ नोव्हेंबर

ही वही गाडीसाठी काढली आहे. गॅरेजवाल्यांना तोंडी सांगून उपयोग नसतो. तारीख, लक्षण, किलोमीटर असं लेखी समोर ठेवलं की नीट ऐकतात. एकतीस वर्षं आवडी गावच्या सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. गेज लावायचा, मापात नसेल तर पार्ट परत. सवय जात नाही.

गाडी अठरा वर्षांची, छोटी, पांढरी. रत्नाकर गेले तेव्हा कौशिक म्हणाला, "आई, विकून टाक आता." तो चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला सिरुसेरीला, आयटीत. इथे अंबत्तूरला यायचं तर त्याला दोन तास. मग खालच्या मजल्यावरच्या तुळसीअक्काला डायलिसिसला कोण नेणार? मंगळवार, गुरुवार, शनिवार, अण्णानगरला. म्हणून गाडी ठेवली.

लक्षण: स्टिअरिंग डावीकडे ओढतं. हात सैल सोडला की गाडी लगेच कडेला जाते. शिवाय डावीकडच्या पुढच्या चाकातून खड्ड्यात टक् असा आवाज.

अक्का शेजारी बसून आज सारखी बोलत होती. "अलका, सायकल आहे गे." "अलका, बस थांबलीय, बघ." "नोको नोको, हळू." ती तंजावूरकडची, तिच्या घराण्याची मराठी दोन-तीनशे वर्षांपूर्वीची. नकोला नोको म्हणते. मला ते आवडतं. पण हा पहारा आवडत नाही. पूर्वी ती गाडीत जप करायची. आजारपणाने भित्री झाली आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सत्यनारायणकडे गेले. इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागच्या गल्लीत त्याचं व्हील अलाइनमेंटचं दुकान. माणूस पन्नाशीचा, कमी बोलणारा. चारी चाकांना यंत्र लावून त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. डावं पुढचं चाक पुढून बाहेर फाकलेलं होतं. स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा, टाय-रॉड एंड, ढिला. तो नवा घातला, चाकं सरळ करून दिली.

"मॅडम, डावं रिम वाकलंय. कुठे आपटलं?"

"तुमच्या रस्त्यांना विचारा," मी म्हणाले. तो हसला नाही.

परत येताना गाडी सुतासारखी सरळ.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पुन्हा ओढायला लागली. अकरा दिवस! डाव्या टायरच्या बाजूला बोटभर चीर. जाताना दोन मोठे खड्डे लागले, दोन्ही डाव्या चाकाला. खड्डे आधी दिसत नाहीत, लागल्यावरच कळतात.

अक्का म्हणाली, "खड्डा नाही गे, फुटपाथची कड होती."

"अक्का, तुला मोतीबिंदू आहे. आधी तपासून घे."

पाच मिनिटांनी परत सुरू. "अलका, माणूस."

रविवार, २४ नोव्हेंबर

कौशिक आला होता. मी ओट्याशी पोहे करत होते आणि अचानक डावीकडून "आई" ऐकू आलं. हातातला झारा पडला. म्हटलं, चोरासारखा काय येतोस? तो म्हणाला, "अगं, पाच मिनिटं इथेच उभा आहे, तुझ्याकडे बघतोय." हल्लीची मुलं पायांचा आवाज करत नाहीत. फोनमध्येच असतात.

दाराच्या चौकटीवर खांदा आपटतोय सारखा. निळं झालंय. नव्या पडद्याने दार अरुंद झालं आहे, काढून टाकायला हवा.

मंगळवार, ३ डिसेंबर

वादळ येऊन गेलं. तीन दिवस पाणी. अक्काचं शनिवारचं डायलिसिस चुकलं, पाय सुजले. आज कसंबसं नेलं. रस्ता म्हणून काही उरलेलं नाही.

येताना सत्यनारायणकडे गाडी टाकली. या वेळी चाकाला धरून ठेवणारा खालचा हातच, लोअर आर्म, वाकलेला. त्याचा रबरी बुश फाटलेला. सत्यनारायणने तो मला काढून हातात दिला. माझ्याकडे आला असता तर मीही नापासच केला असता.

"मॅडम, खड्ड्याने हा असा वाकत नाही. बाजूने मार बसलाय. एकदा नाही, पुष्कळदा. गाडी दुसरं कोणी चालवतं का?"

"कोणीही नाही."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती दुकानाच्या पुढच्या भागात बसून बिलं करते. तिने मान खाली घातली. काय समजतात स्वतःला? त्याची आधीची कामगिरी अकरा दिवस टिकली नाही आणि दोष माझ्या चालवण्याला.

शुक्रवार, ६ डिसेंबर

गाडी घ्यायला गेले. नवा आर्म, नवे बुश, अलाइनमेंट. सत्यनारायण म्हणाला, "एक फेरी मी तुमच्याबरोबर येतो. कशी ओढते ते मलाही कळेल." रास्त वाटलं. तो शेजारी बसला. इस्टेटच्या गेटपर्यंत गेलो, वळून आलो. मधे दोनदा त्याने स्टिअरिंगला हात घातला. मी रागावले.

उतरल्यावर रुमालाने तोंड पुसत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, गाडी ठीक आहे. तुम्ही एक ड्रायव्हर ठेवा."

"का?"

"ठेवा, मॅडम. आणि डॉक्टरांना दाखवा."

बाई, त्यात म्हातारी. माझ्या जागी पुरुष गिऱ्हाईक असतं तर हे बोलला असता का? कारखान्यात माझ्या तोंडावर असं कोणी बोललं नाही. पैसे ठेवले आणि निघाले. पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही.

शनिवार, २१ डिसेंबर

आठवतंय तोवर लिहायला हवं.

गुरुवारी दुपारी डायलिसिस आटोपून परत येत होतो. रस्ता मोकळा होता, हे मी शपथेवर सांगेन. पाडीच्या पुढे मेट्रोच्या कामाचे पत्रे संपले, मी जरा डावीकडे घेतली, आणि समोर काहीही नसताना गाडी आपटली. नंतर कळलं, पाण्याचा टँकर उभा होता. माझी बाजू सुटली. अक्काची बाजू टँकरच्या मागच्या कोपऱ्यात घुसली.

अक्का झोपली होती. चार तास मशीनवर पडून थकली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच गाडीत इतकं शांत होतं.

तिचा डावा पाय मांडीत मोडला, डावा हात कोपराखाली चिरडला. मला कपाळाला चार टाके. तिला पत्रा कापून काढावं लागलं. शुद्धीत होती. मला म्हणाली, "तुला लागलं काय गे?"

टाय-रॉड सुटला असणार. दुसरं कारण संभवत नाही.

सोमवार, २३ डिसेंबर

पोलीस ठाण्यात पाच पानी निवेदन दिलं. नोव्हेंबरपासूनच्या सगळ्या तारखा, या वहीतून. टाय-रॉड एंडचा लॉक नट नीट आवळला नसावा, ब्रेक दाबताना डावं चाक एकदम वळलं असावं, असं सविस्तर मांडलं. आकृती काढली. सब-इन्स्पेक्टर बाई प्रभावित झाल्या. म्हणाल्या, असं लिहून आणणारं कोणी येत नाही. गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दांडा तुटलेला सापडला आहेच. धडकेआधी तुटला की धडकेने, ते त्याला सांगता येत नाही.

सत्यनारायण ड्रायव्हर ठेवा म्हणाला होता ते निवेदनात घातलं नाही. तांत्रिक मुद्द्याशी त्याचा संबंध नाही.

गुरुवार, २ जानेवारी

डायलिसिससाठी अक्काच्या डाव्या हातात शीर जोडून घेतली होती, फिस्टुला. सहा महिने सांभाळली होती ती. त्या हाताने कधी पिशवी उचलली नाही, त्या कुशीवर झोपली नाही. ती शीर गेली. आता मानेतून नळी घातली आहे. डॉक्टर म्हणतात, नळीतून जंतू जायची भीती असते.

तिचा मुलगा कार्तिकेय होसूरहून आला आहे. मला बघून पाया पडला. म्हणाला, "आंटी, तुम्ही होता म्हणून अम्मा इतके दिवस होती." मराठी त्याला जेमतेम येते, तरी माझ्याशी मराठीतच बोलला.

शुक्रवार, १० जानेवारी

सत्यनारायणला पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं होतं, असं खालच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं. दुकान बंद आहे. ज्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्या तो करायचा त्यांनी काम काढून घेतलं. वाईट वाटतं, पण एका ढिल्या नटाने माणूस मरू शकतो हे त्याला कळायला हवं होतं.

पेपर वाचताना शब्दांची सुरुवात सुटते. ओळ संपून पुढची धरली की अर्थ लागत नाही. टाके पडल्यापासून असेल. कौशिक म्हणतो, डोळे तपासू.

शुक्रवार, १७ जानेवारी

कौशिकने सुट्टी काढून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक यंत्र आहे. अर्ध्या घमेल्यासारख्या पांढऱ्या गोलात हनुवटी ठेवून बसायचं, समोरच्या ठिपक्यावर नजर, आजूबाजूला बारीक दिवे लागतील, दिसला की बटण दाबायचं. मी लक्ष देऊन केलं. झाल्यावर तिथल्या मुलीला सांगितलं, "तुमच्या मशीनचा डावा भाग बंद आहे. सर्व्हिसिंग करून घ्या." तिने पुन्हा पहिल्यापासून टेस्ट लावली.

डॉक्टरांनी दोन कागद दाखवले, दोन डोळ्यांचे. दोन्हींचा उजवा अर्धा भाग पांढरा, डावा अर्धा काळा. म्हणाले, डोळे चांगले आहेत. मेंदूच्या मागे उजवीकडे रक्तपुरवठा बंद पडला असावा, त्यामुळे डावीकडचं जग गेलं आहे. "अशा माणसाला बऱ्याचदा स्वतःला कळतच नाही."

स्कॅन झाला. मेंदूतली इजा जुनी, निदान आठ महिन्यांची. मधे डोकं फार दुखलं होतं का, त्यांनी विचारलं. एप्रिलमध्ये दोन दिवस दुखलं होतं. ऊन लागलं म्हणून मी ताक पिऊन झोपले होते.

"तुम्ही गाडी चालवत नाही ना?" डॉक्टर म्हणाले.

कौशिक माझ्याकडे बघत होता. कुठून बघत होता ते मान वळवल्यावर कळलं.

शनिवार, १८ जानेवारी

विश्वास बसेना, म्हणून स्वतः मोजलं. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा आहे. समोर खुर्ची, नजर खिळ्यावर. कौशिकला सांगितलं, पेन्सिल डावीकडून भिंतीलगत सरकवत आण, दिसली की मी सांगते. ती खिळ्याला टेकेपर्यंत दिसली नाही. सात वेळा केलं. सातही वेळा तेच. उजवीकडून आणली तर हातभर अंतरावरूनच स्पष्ट.

तिथे काळोख असता तर कळलं असतं. काळोखही नाही. भिंत पुरी वाटते.

रस्ता मोकळा होता असं मी लिहिलं आहे. शपथेवर सांगेन असंही.

सोमवार, २० जानेवारी

कौशिकला सांगितलं, निवेदन मागे घेणार.

तो उठून दार लावून आला. "आई, नीट ऐक. हा रिपोर्ट आपल्या घरातला आहे. पोलिसांनी मागितलेला नाही. टँकर चुकीच्या जागी उभा होता, दांडा तुटलेला होता, हे सगळं खरंच आहे. तू हे दिलंस तर आरोपी तू. या वयात कोर्टाच्या फेऱ्या मारशील?"

"आणि सत्यनारायण?"

"त्याच्यावर काही सिद्ध होणार नाही. सुटेल तो."

"कधी?"

तो रडायला लागला. वडील गेले तेव्हाही इतका रडला नव्हता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, बरं, बघू. खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याने अडवावं अशीच माझी इच्छा होती.

बुधवार, २२ जानेवारी

बसने अक्काला बघायला दवाखान्यात गेले. चढताना दोघांना धक्का लागला. ताप आहे तिला, मानेतल्या नळीपाशी लाल झालंय. कार्तिकेय औषधं आणायला खाली गेला होता. मी तिला सगळं सांगितलं. दिव्यांचं मशीन, काळे कागद, पेन्सिल.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं गे."

"काय ठाऊक होतं?"

"तुझ्या डावीकडचं गेलंय म्हणून. आडी महिन्यातच कळलं. जिन्यात मी तुझ्या बगलेला उभी राहून हाक मारली, तू दुसरीकडे शोधत होतीस."

आडी म्हणजे जुलै-ऑगस्ट. म्हणजे चार महिने ती हे जाणून माझ्या डावीकडे बसत होती.

"मग बसलीस कशाला माझ्या गाडीत?"

"मी नोको म्हटलं असतं तर तू घरी राहिली असतीस? एकटी गाडी काढून गेली असतीस. भाजीला, बँकेला. सायकल आली, मूल आलं, तुला कोण सांगणार होतं?"

"मला सांगायचंस, अक्का."

"दोनदा सांगितलं. तू मलाच मोतीबिंदू म्हणालीस." तिला श्वास लागत होता. "आणि खरं सांगू? मला तरी न्यायला दुसरं कोण होतं. कार्तिकला म्हटलं असतं तर नोकरी सोडून आला असता. त्याला सांगू नोको हे."

मी तिचा उजवा हात धरून बसले. त्या दिवशी झोप लागली, याचं तिला वाईट वाटतंय. मला म्हणाली, "डोळा लागला गे माझा. एकदाच." जणू चूक तिची.

सोमवार, २७ जानेवारी

आज पहाटे अक्का गेली. जंतू रक्तात गेले होते.

मी रिपोर्ट अजून दिलेला नाही. दहा दिवस कपाटात आहे.

बुधवार, २९ जानेवारी

ठाण्यात गेले, एकटी. कौशिकला सांगितलं नाही. या वेळी निवेदन अर्धं पान झालं. मला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं, उभा टँकर दिसला नाही, मेकॅनिकने मला आधी बजावलं होतं, त्याच्या कामात दोष नव्हता. सोबत डॉक्टरांचे कागद.

सब-इन्स्पेक्टर बाईंनी दोनदा वाचलं. "मॅडम, पेशंट वारल्या आहेत. आता कलम बदलणार. हे घेतलं की परत देता येत नाही. वकिलाला विचारून येता का?"

"घ्या," म्हटलं. सही करताना नाव कागदाच्या पार उजव्या कडेला गेलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

निवेदनाची प्रत घेऊन सत्यनारायणकडे गेले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. अलाइनमेंटचं यंत्र कापडाने झाकलेलं. तो आत स्टुलावर बसला होता. बारीक झालाय. बायको दिसली नाही. मान फिरवून शोधलं तेव्हा ती भिंतीशी उभी होती, माझ्याकडे बघत.

त्याने कागद वाचला. घडी करून परत दिला.

"मी तुमची माफी मागायला आले आहे."

"हे सगळं मी पोलिसांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मॅडम. मी गाडीत बसलो होतो, यांना डावीकडचं दिसत नाही, असं. ते म्हणाले, त्या सरकारी इन्स्पेक्टर होत्या, पाच पानं लिहून दिलीत त्यांनी. तू काय शिकलास?"

मी म्हटलं, टॅक्सीवाल्यांना मी स्वतः भेटून सांगते, पत्ते द्या.

"त्यांनी दुसरा माणूस धरला." तो उठला. मग म्हणाला, "चूक माझीही आहे. त्या दिवशी किल्ली परत द्यायला नको होती. रोज तेच मनात येतं. तुमच्या हातात किल्ली दिली मी."

त्याची बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. "जा आता, अम्मा," एवढंच.

तरीही पत्ते इस्त्रीवाल्याकडून मिळवले. आज दोघांना भेटले. एकाने ऐकून घेतलं. दुसरा म्हणाला, बघू.

शनिवार, ८ फेब्रुवारी

अक्काचा तेरावा. खाली गेले. कार्तिकेयला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पोलिसांकडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं होतं. तो ओरडेल, हाकलून देईल, अशी तयारी करून गेले होते. तो खुर्चीत बसला, मान खाली घातली. आतल्या खोलीत बायका पानं वाढत होत्या.

मग त्याने मान वर केली.

"आंटी, एकच सांगा. अम्माला ठाऊक होतं काय? तुम्हाला दिसत नाही म्हणून?"

हो म्हटलं असतं तर माझा थोडा भार त्याच्या आईवर गेला असता. आणि ती का बसत होती, हे त्याला आयुष्यभर सलत राहिलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "तिला काहीच ठाऊक नव्हतं."

त्याने डोळे पुसले. "मग बरं," तो म्हणाला. "मग ती रोज निर्धास्त बसत असणार तुमच्या गाडीत."

मी हो म्हणाले.